पाण्याकडे तोंड करून उभा राह्यलेला राजकुमार

घाटंजीपासून समुद्र किती दूर हाय, हे राजकुमार राठोडले मोजायचं काम कधी पडलं नव्हतं. समुद्र आपल्या जागी, राजकुमार आपल्या जागी, दोघाईचं बरं चाललं होतं. पण दसरा झाला आन् शेजारच्या तुळसाबाईनं दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायची बस ठरवली. फक्त बायांची बस. सारे सीट भरले, एक उरलं, आन् त्या एका सीटवर तिले राजकुमारची बायको जया बसवायची होती.

"आइतवारी सांजपर्यंत सांग वं जया," तुळसाबाई कंपाउंडवरून म्हणे. "जिंदगीत पाणी पाह्यलं काय तू? वाघाडी नदीचा पूर. त्याच्यात बी अर्धी प्लास्टिकची पन्नी."

जया हसे आन् "पाह्यते" म्हणे. हे "पाह्यते" ऐकलं का राजकुमार मोबाइल काढून बसे.

आता एक गोष्ट सांगतो, पण बाजारात बोलू नका. राजकुमार घरात एकटा झोपू शकत नाही. विम्याचा एजंट हा माणूस. लोकाइले मरणाचं भेव दाखवणं हाच त्याचा धंदा. "भाऊ, उद्या तुमी नसले तं?" असं थो इतक्या मायेनं विचारे, की समोरचा आपला फोटो हारात पाहूनच सही करे. वरून खोड्या. पांढरी चादर घेऊन त्यानं अर्धी कॉलनी पळवली होती, शेजाऱ्याच्या न्हाणीत जुना मोबाइल लपवून रडणारी बाई वाजवली होती. अशा माणसाले अंधाराचं भेव लागते, हे कोण मानेल? पण खरं तं असं हाय की राजकुमारले भेव वाटलं का थो दुसऱ्याले भेववते. दुसरा दचकला की याचं उतरते. आता रात्री घरात दुसरं कोणी नसलं, तं भेववावं कोणाले? पोरगी प्रियंका पुण्यात शिकाले. उरली जया. आन् जया चालली समुद्रावर.

म्हणून त्यानं ठरवलं, की समुद्रच यवतमाळ जिल्ह्यात आणू.

मोबाइलवर त्याले एक पोस्ट सापडली होती. "जंगलातली कला आणि सागरकिनारा, एकाच दिवसात." पांढरकवड्याच्या पुढं, मुकुटबनच्या बाजूले, एका धरणाच्या फुगवट्याजवळ जंगल हाय. दोन साल आधी बाहेरगावचे कलाकार तिथं येऊन राह्यले आन् लाकडाचे, मातीचे, बांबूचे पुतळे झाडाझाडात उभे करून गेले. आन् पुतळ्याच्या मागं पाणीच पाणी, पल्याडचा काठ दिसत नाही.

"काठ दिसत नाही म्हणजे समुद्रच झाला ना," राजकुमार जयाले म्हणे. "आइतवारी सकाळी जाऊ, सांजच्या आत वापस. मंग सांगजो तुळसाबाईले, माहा समुद्र झाला म्हणून."

"खारट हाय काय?" जयानं विचारलं.

"मीठ घेऊन जाऊ."

आता शेजारी असल्यावर गोष्ट नवरा-बायकोत राह्यते काय? तुळसाबाईचा नवरा पंजाबराव एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेला. जिंदगीभर माइकवर बोलल्यानं त्याच्या घरातल्या गोष्टी बी फलाटावर ऐकू येत. त्यानं आधी सांगतलं की हा रस्ता चूक हाय. मंग सांगतलं की थो रस्ता बी चूक हाय. मंग म्हणे, "तुमच्यानं होत नाही, मीच येतो." नवरा येते म्हणून तुळसाबाई आली, आन् तुळसाबाई आली म्हणून जयाले पटवायची सारी गंमतच गेली. ज्या बाईपासून बायको वाचवायची, तिलेच मागच्या सीटवर बसवून राजकुमारनं गाडी काढली.

केळापूरले देवीसाठी गाडी थांबवली. राजकुमार आन् जया पाया पडून आले, पंजाबरावनं तवर गाडीत बसून "गाडी नियोजित वेळेपेक्षा उशिरानं धावत आहे" असं सांगून घेतलं. पांढरकवड्यात आलुबोंडे खाल्ले. आलुबोंड्यावरई पंजाबरावचा सल्ला होता, पण थो खाऊन झाल्यावर आला.

जंगलाच्या तोंडाशी आडवा बांबू लावलेला नाका होता. आतून एक माणूस आला. त्याचं तोंड असं, का रोज तेच ते सपन पडते त्याले.

"पुतळे पाहाले आलो," राजकुमार म्हणे.

"कोणते?"

"कलाकाराइनं केलेले."

माणसानं थोडा इचार केला. "थे हायत अजून?"

"आमाले काय माहीत बाप्पा, आमी पाहाले आलो."

"हे पाहा," माणूस म्हणे, "झाडं आमची. पाणी दुसऱ्या खात्याचं. पुतळे कोणाचे, हे अजून ठरलं नाही. कोणी ठरवाले आत जात नाही." त्यानं बांबू वर केला. "आवाज देऊन हाक मारू नका एकमेकाले. बाकी पाहा आरामात."

"हाक काहून मारू नका?" तुळसाबाईनं विचारलं.

"नियम हाय," थो म्हणे, आन् बांबू खाली टाकून आत गेला. नियम कोणाचा, हे त्याच्याबी खात्यात ठरलं नसावं.

गाडी सागाखाली लावली. जयानं चष्मा गाडीतच ठेवला, काहून का तुळसाबाई दर झाडापाशी फोटो काढून राह्यली होती आन् चष्म्यात जयाचे डोळे बारीक दिसतात.

पायवाट निंगाली. पहिला पुतळा लवकरच भेटला. बांबूचा घोडा होता, पण घोड्याले वाळवी लागून त्याच्या पोटातून मातीचं वारूळ वर आलतं, आन् तोंड जाऊन फक्त मान उरली होती. त्याच्या पुढं जमिनीतून मातीचे हात निंगाले होते, गोल करून. पावसानं बोटं गळून गेलती. मनगटं वर करून कोणीतरी खालून काही मागून राह्यलं, असं दिसे.

"सुंदर," पंजाबराव म्हणे, पण माइकचा आवाज गेलता त्याचा.

राजकुमारच्या ध्यानात आलं की पाखरू बोलून नाही राह्यलं. ऊन पडलं होतं, पण आंगाले लागत नव्हतं. थो सगळ्याच्या मंधात येऊन चालाले लागला, जसा काही गाइडच.

पुढं वाट फुटली. कलेकडे नेणारी बाणाची पाटी कलून गेलती, आन् बाण दाखवत होता सरळ आभाळाकडे. पंजाबरावनं दोन्ही वाटा पाह्यल्या, जसे बसचे बोर्ड पाहे तसे, आन् म्हणे, "डावीकडे."

डावीकडे गेले, आन् सारेच थांबले.

झाडी सरली होती तिथं लुगडी बांधली होती. शंभराच्यावर असतील. खुंटाले खुंट, एका लुगड्याले दुसरं लुगडं, सारा उतार घेरून टाकला होता. गुलाबी, हिरवी, मोतिया, जरीची, बिनजरीची, उन्हात विरून गेलेली. वारा बिलकुल नव्हता. तरी थे लुगडी आत-बाहेर होऊन राह्यली होती, जशी छाती होते.

"याले म्हणतात प्रतीक," पंजाबराव हळूच म्हणे. "नारीचं बंधन दाखवलं हाय."

"थांबा वो," तुळसाबाई एका लुगड्याजवळ गेली. पदर हातात घेतला, उलटून पाह्यला. "हे माहं हाय."

"काय?"

"माहं लुगडं हाय हे. हा पाहा जळाल्याचा डाग, तुमीच इस्त्री ठेवली होती ना वर. मी हे भांडेवालीले देल्लतं. लालीबाईले. बदल्यात गंज घेतला, भाताचा." तिनं पदर सोडून देला, जसा गरम लागला. "कलाकारापाशी कसं आलं?"

पंजाबराव दोन पावलं मागं सरकला.

मंग त्याइले थे दिसले. लुगड्याच्या आत, तुरीच्या उभ्या झाडाइच्या मंधात, माणसं उभी होती. कोणी धोतरात, कोणी पँटीत, एक बाई मॅक्सीत. डोक्याच्या जागी काळं मडकं. आन् साऱ्याइची पाठ इकडं, तोंड तिकडं. मडक्याले तोंड कसलं असते म्हणा. पण तोंड तिकडंच होतं, हे कोणाले सांगा लागलं नाही. तिकडं पाणी होतं. खरंच काठ नसलेलं, राखेच्या रंगाचं. त्या पाण्यात मेलेले साग कंबरेइतक्या पाण्यात उभे होते. त्याच्याबी पुढं, भर पाण्यात, एका काठीवर एक पांढरं फडकं होतं.

"जमलं," जया हळूच म्हणे. "लयच जमलं हे." आन् थे लुगड्यातून वाट काढून सरळ खाली चालली, पाण्याकडं.

राजकुमारले भेव वाटलं. आन् त्याले जवा असं होते, तवा थो काय करते, तुमाले सांगतलंच हाय. त्यानं पंजाबरावकडं पाह्यलं, गडी भेववाले पुरा पिकलेला. थो गुपचूप मागं सरकला, वावराच्या कडेनं वाकून वाकून पाण्याच्या अंगाले उतरला, आन् शेवटच्या लुगड्याच्या मागं जाऊन बसला. पंजाबराव खाली आला का त्याच्या कानापाशी घोषणा कराची, एवढाच बेत.

पंजाबराव आला नाही. कोणीच आलं नाही. लुगडं त्याच्या तोंडावर येई आन् जाई. कोण्या बाईच्या पेटीतला वास येई, डांबरगोळीचा. राजकुमार स्वतःशी म्हणे, हे कापूस हाय, कापूस घाटंजीत होते, कापसाले काय भेवाचं.

तेवढ्यात जयाचा आवाज आला. लय जवळून.

"अहो," थे म्हणे, "बरं झालं तुमी इकडं आले. त्या दोघाइपुढं बोलता येत नाही."

राजकुमार तोंड उघडणार होता. पण आवाज त्याच्याकडं येऊन नव्हता राह्यला. त्यानं लुगड्याची कड बाजूले केली.

जया पाण्यापाशी उभी होती. तिच्या बाजूले, हातभर दूर, राजकुमार उभा होता.

पाठमोरा. आंगात मरून चौकड्याचा शर्ट, कॉलरवर चुन्याचा डाग. डावा खांदा खाली, विम्याच्या कागदपत्राची बॅग वागवून वागवून पडलेला तोच खांदा. राजकुमारनं स्वतःच्या छातीकडं पाह्यलं. तिथं निळा शर्ट होता. मंग त्यानं पुन्हा समोर पाह्यलं. मरूनवाला शांत उभा होता, लय दिवसापासून असल्यासारखा. खरं सांगतो, त्या एका घडीले राजकुमारले खात्री नव्हती का दोघाइतला कोण गाडी चालवत आला. विम्याच्या धंद्यात त्यानं हजार लोकाइले विचारलं असेल, "तुमी नसले तं?" इथं त्याच्यापुढं थो नसून बी उभाच होता, आन् बायको त्याच्याशी बोलून राह्यली होती, घरात बोलते त्याच्यापेक्षा मोकळी.

"माहे गुडघे बरे हायत," जया त्या पाठीले सांगत होती. "कुठं जायचं निंगालं का आधी प्रियंकाची शाळा सांगतली, मंग गुडघे सांगतले. काहीच नव्हतं. तुमी लाईट चालू ठेवून झोपता. मी माय मेली तवा गेली, तं तुमी घरात वाळवीचं औषध मारलं म्हणून पंजाबरावच्या वऱ्हांड्यात झोपले. वाळवी कुठं होती? मले माहीत हाय ना सारं. मी कोणाले बोलली काय? पण यावक्ती मले जायचं हाय. समुद्र म्हणून नाही. जायचं हाय म्हणून. तुमी तोंडानं नका बोलू, गमतीवर न्याल. नुसती मान हलवा."

सारं थांबलं. लुगडी बी थांबली.

आन् त्यानं मान हलवली. हळू, खाली आन् वर, हो म्हणाले हलवतात तशी.

भेव एकीकडं राह्यलं, राजकुमारले राग आला. आपल्या बायकोले, आपल्या शर्टात, आपल्याले न विचारता परवानगी देणारा हा कोण? थो उठला आन् सरळ धावला, पण मंधात लुगडं होतं. लुगडं खुंटासकट निंगालं, त्याच्या मागं दुसरं, तिसरं. दोन लुगडी डोक्यावर आन् एक पायात असा थो "जया, थो मी नाही" म्हणत काठापाशी येऊन पडला.

वर पंजाबरावनं हे पाह्यलं. चालत येणारं लुगडं आन् त्यातून राजकुमारचा आवाज. त्यानं तुळसाबाईले तिथंच सोडलं आन् पळाला. पण घाबरून पळाला चुकीच्या दिशेनं, उताराले, आन् पाण्याकाठच्या गाळात मांडीपर्यंत रुतला.

जया हालली नाही. तिनं शर्टवाल्याकडं पाह्यलं, मंग लुगडंवाल्याकडं पाह्यलं. "तुमी कोण?" तिनं विचारलं. लुगडंवाल्याले विचारलं, हे ध्यानात घ्या. शर्टवाल्याची तिले ओळख पटली होती.

"कायले बोंबलून राह्यले बाप्पा?"

तुरीतून एक म्हातारा आला. डोक्याले पागोटं, हातात काठी. त्यानं आधी आपली पडलेली लुगडी पाह्यली, मंग माणसं. राजकुमारच्या बोलण्यावरून का नाकावरून, त्याले वळख लागली. "गोर छी कांई?" त्यानं बंजारा बोलीत विचारलं, आपल्यातला हायस काय म्हणून.

"छू," राजकुमार लुगड्यातून म्हणे. आपल्या भाषेत बोलून त्याले जरा जीव आला. "घाटंजीचा."

"मंग गोर माणसानं दुसऱ्याचं कुंपण कायले तोडलं?" म्हाताऱ्याचं नाव भावसिंग. हे त्याचं वावर. "कला तिकडं, उजवीकडं राह्यली. हे माही तूर हाय. लुगडी बांधली का रानडुक्कर आन् रोही आत येत नाही. माणसाचा वास असते त्याइले."

"आन् हे?" जयानं शर्टकडं बोट केलं.

"बुजगावणं. कपडे भांडेवालीपासून घेतो, लालीबाई, हप्त्याच्या बाजारात बसते."

राजकुमारनं तोंडावरचं लुगडं काढलं. "जया. हा शर्ट माकडानं नेला म्हणत होती तू."

"डब्बा देल्ला तिनं," जया म्हणे. "पोह्याचा. रोज त्यातलेच खाता तुमी."

साऱ्या घाटंजीले बनवणारा माणूस लुगड्यात गुरफटून हे ऐकत होता. त्याची बायको त्याले बनवत आली, डब्बा बी देते आन् पोहे बी. पण ही गोष्ट थो पुढं कवातरी मनावर घेणार होता, आता नाही. "यानं मान हलवली," थो भावसिंगले म्हणे.

"वारं असन."

"वारा नव्हता."

"मंग मले कायले विचारता?" भावसिंगनं मडकं हातानं दाबून पाह्यलं. घट्ट होतं. "एक सांगतो. मी हे उभे केले, तवा याइची तोंडं वावराकडं होती. वावर राखाले उभं करते ना माणूस. पाणी भरलं, तसे एकएक करून सारे तिकडं वळले. मी सरळ करतो, पुन्हा वळतात. आता सोडून देल्लं." त्यानं काठीनं दूरच्या पांढऱ्या फडक्याकडं दाखवलं. "तिथं आमचा तांडा होता. थे निशाण देवळाचं. पाण्यातलं कोणी नवं लावत नाही, तरी फाटत नाही."

पंजाबराव अजून मांडीपर्यंत गाळात होता. भावसिंगनं काठी पुढं करून त्याले ओढून काढलं. एक बूट आत राह्यला.

तुळसाबाई खाली आली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण मुद्दा सुटला नव्हता. "जया, सांज होऊन राह्यली. सीटचं काय करू?"

जयानं राजकुमारकडं पाह्यलं. मंग शर्टवाल्याकडं. "यानं हो म्हणलं," थे म्हणे. "तुमचं सांगा."

राजकुमारच्या तोंडात एक गंमत तयार होती, अशी का सारे हसले असते, गोष्ट तिथंच मोडली असती आन् सीट दुसऱ्या कोणाले गेलं असतं. जया त्याच्या ओठाकडं पाहून राह्यली होती. तिले माहीत होतं काय येणार हाय ते.

त्यानं थे गंमत गिळली.

"जा," थो म्हणे.

"आन् तुमी?"

"मले भेव लागते." हे त्यानं पंजाबरावसमोर सांगतलं, तुळसाबाईसमोर सांगतलं, आन् पाठमोऱ्या उभ्या साऱ्या मडक्यासमोर सांगतलं. "लागू दे. लाईट चालू ठेवीन. जा तू."

"म्हणजे," पंजाबराव म्हणे, "तवा वाळवी नव्हती?"

"नव्हती."

"मी पण औषध मारलं ना बे घरात, तुह्यामुळं."

तुळसाबाई हसाले लागली, ते थांबेचना. जयानं चपला काढल्या, साडी जरा वर धरली आन् पाण्यात उतरली. पाणी घोट्यापाशी आलं, वापस गेलं, पुन्हा आलं.

"समुद्र असाच असते काय हो?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत," राजकुमार म्हणे. "मी कुठं पाह्यला? तू पाहून ये, मंग मले सांग."

भावसिंगची लुगडी साऱ्याइनं मिळून पुन्हा बांधून देल्ली. तुळसाबाईनं स्वतःचं लुगडं स्वतः बांधलं, डाग आतून ठेवून. कला पाहायची राह्यलीच, आन् उजवीकडं जाऊ असं कोणी बोललं नाही. पंजाबराव एका बुटावर पुढं, त्याच्या मागं दोघी बाया.

राजकुमार सगळ्याच्या मागं चालला. असं थो कधी चालत नाही. पाठीत कोणाची तरी नजर रुतून राह्यली होती, मडक्याले डोळे नसतात हे माहीत असूनबी. मागं तुरीत काहीतरी हालल्यासारखं झालं. त्यानं पाय घाईनं उचलले नाहीत, हाक मारली नाही, जयाचा पदरबी धरला नाही. सुट्टी लागाले अजून वेळ होता. एकट्यानं भेवायची सवय आजपासूनच करून घेतलेली बरी, म्हणे.